कबुली दिली, पण कोणासमोर? : वाचकांचे प्रश्न, वकिलांची उत्तरे

गेल्या काही महिन्यांत आलेली बरीचशी पत्रे एकाच काळजीची आहेत. कोणी काही लिहून दिले, बोलून टाकले किंवा कागदावर सही केली, आता त्याचे पुढे काय? म्हणून या अंकात त्याच विषयाचे प्रश्न घेतले आहेत. कलमांचे आकडे भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे आहेत. १ जुलै २०२४ रोजी जे तपास, खटले आणि अपिले आधीच चालू होती, त्यांना मात्र कलम १७० प्रमाणे १८७२ चा जुना पुरावा कायदाच लागतो. त्यामुळे गरज आहे तिथे जुना आकडाही दिला आहे.

प्रश्न : धाकट्या भावाला चोरीच्या संशयावरून पोलिसांनी नेले. तिथे 'मीच केले' असे तो बोलला आणि कागदावर सहीही केली म्हणतो. आता खटल्यात लढण्यासारखे काही उरले आहे का? (नांदेड)

उरले आहे, आणि बरेच उरले आहे. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्धच करता येत नाही, असे कलम २३(१) (जुने २५) सांगते. तो मारहाणीने दिला की स्वखुशीने, हे तपासायची वेळच येत नाही, आणि अधिकाऱ्याच्या हुद्द्यानेही फरक पडत नाही. पुढचे पोटकलम (जुने २६) आणखी एक वाट बंद करते. पोलिसांच्या ताब्यात असताना भाऊ डॉक्टरांशी, नातेवाइकांशी किंवा शेजारच्या कोठडीतल्या माणसाशी असे बोलला असेल, तर तेही चालत नाही. दंडाधिकारी त्या वेळी प्रत्यक्ष समोर असतील, एवढाच काय तो अपवाद.

सहीने घाबरू नका. तपासात नोंदवलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नाही, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम १८१ सांगते. सही घेतली म्हणून पोलिसांसमोरचे बोलणे पुरावा होत नाही. १९६६ च्या अघ्नू नागेसिया खटल्यात तर आरोपी स्वतः ठाण्यावर गेला होता आणि चार खून केल्याची फिर्याद त्यानेच दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती फिर्याद पुराव्यातून वगळली. 'मारले' हे शब्द सोडून हेतू, पूर्वतयारी आणि संधी सांगणारी वाक्ये तरी ठेवू द्या, ही सरकार पक्षाची विनंतीही मानली नाही. उरलेल्या पुराव्यावर शिक्षा टिकली नाही.

आता ज्याची काळजी घ्यायला हवी ती गोष्ट. कलम २३ ला एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी जोड, आहे. वकील आजही त्याला जुन्या आकड्याने 'सत्तावीस' म्हणतात. ताब्यातल्या आरोपीने माहिती दिली आणि त्या माहितीमुळे एखादी गोष्ट उघडकीस आली, तर माहितीचा तेवढाच, शोधाशी थेट जुळणारा भाग पुराव्यात येतो. 'तेवढाच' म्हणजे किती, हे १९७६ च्या मोहम्मद इनायतुल्ला विरुद्ध महाराष्ट्र शासन या मुंबईच्या खटल्यात स्वच्छ दिसते. आरोपीचे वाक्य साधारण असे होते: 'एक ऑगस्टला हाजी बंदरातून मी काढून नेलेले रसायनाचे तीन ड्रम जिथे ठेवले ती जागा सांगतो.' न्यायालयाने फक्त 'रसायनाचे तीन ड्रम ठेवल्याची जागा सांगतो' एवढे ठेवले. 'हाजी बंदरातून', 'एक ऑगस्टला', 'मी काढून नेलेले' हे सगळे गेले, कारण ड्रम सापडल्याने फक्त ते तिथे आहेत आणि आरोपीला ते ठाऊक आहे, एवढेच सिद्ध होते. शिवाय ड्रम मिळाले एका मुसाफिरखान्याच्या आवारात, जिथे कोणीही ये-जा करू शकत होते. त्यामुळे चोरी त्यानेच केली हा निष्कर्षही काढता आला नाही आणि तो सुटला. या विभागणीचा पाया १९४७ चा प्रिव्ही कौन्सिलचा (ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा) पुलुकुरी कोट्टय्या निकाल आहे: 'छपरात लपवलेला सुरा काढून देतो' चालेल, 'ज्याने मी भोसकले' चालणार नाही.

म्हणून पहिले काम हे करा. भावाच्या नावावर काही 'काढून दिल्याचे' दाखवले आहे का, ते वकिलांमार्फत रिमांडच्या कागदांतून पाहा. दोषारोपपत्र आल्यावर त्याच्या प्रती आरोपीला विनामूल्य मिळतात. त्यातल्या मेमोरंडम पंचनाम्याचे (आरोपीने दिलेल्या माहितीच्या नोंदीचे) एकेक वाक्य वरच्या कसोटीवर लावून पाहा. मारहाण झाली असेल, तर रिमांडच्या वेळी दंडाधिकारी 'पोलिसांविरुद्ध तक्रार आहे का' असे विचारतात तेव्हाच सांगायला हवे. तिथे 'नाही' म्हटले आणि वर्षभराने खटल्यात मारहाण सांगितली, तर तिचे वजन फारच कमी होते.

एक सूचना. सगळेच सरकारी अधिकारी 'पोलीस' नसतात. कस्टम्स अधिकारी (बरकत राम, १९६२) आणि रेल्वे मालमत्तेच्या कायद्याखाली चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा दलाचे अधिकारी (बालकिशन देविदयाल, १९८०) या कलमात येत नाहीत. त्यांच्यासमोरचे निवेदन वापरले जाऊ शकते. अमली पदार्थांच्या कायद्यातले अधिकारी मात्र तूफान सिंग निकालापासून, म्हणजे २०२० पासून, पोलीसच धरले जातात.

प्रश्न : पोलीस मला पंच म्हणून बोलावतात. 'आधी सही करा, मग जागेवर जाऊ' असे सांगतात. करावी का? (चिंचवड)

नाही. पंचाची सही म्हणजे 'माझ्यादेखत हे घडले' असे सांगणे, आणि ते घडण्याआधी सही करता येत नाही. झडतीसाठी लेखी आदेशाने बोलावल्यावर सबळ कारणाशिवाय नकार देणे हा गुन्हा आहे, त्यामुळे जायला हवे. पण पंच म्हणून काय पाहायचे, ते नीट पाहा.

आरोपीच्या माहितीवरून वस्तू शोधण्याचा पंचनामा दोन टप्प्यांत होतो. पहिला ठाण्यात. दोन्ही पंच हजर असताना आरोपीने स्वतःच्या तोंडाने माहिती द्यायची आणि ती त्याच्याच शब्दांत, त्याच्याच बोलीत लिहायची. 'सदर आरोपीने गुन्ह्यात वापरलेले हत्यार काढून देण्याचे कबूल केले' असे साहेबी मराठीत लिहिले असेल, तर ते आरोपीचे वाक्य नव्हे. पहिला भाग लिहून, वाचून दाखवून झाला की त्यावर सह्या होतात. मग सगळे निघतात. वाट आरोपीने दाखवायची. गाडी कोणाच्या सांगण्यावरून कुठे वळली, हे लक्षात ठेवा. वस्तू त्याने स्वतः काढून द्यायची. ती तिथेच मोजायची, वर्णन लिहायचे, कागदात बांधायची, पंचांच्या सहीचे लेबल लावायचे आणि लाखेचे सील करायचे. मगच दुसरा भाग पुरा होतो आणि त्यावर सह्या होतात. रामानंद ऊर्फ नंदलाल भारती खटल्यात (२०२२) सर्वोच्च न्यायालयाने हाच क्रम सविस्तर सांगितला आहे. नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती व जप्तीचे, यादी करून सह्या होईपर्यंतचे चित्रीकरण बंधनकारक आहे. पोलीस ते मोबाइलवर 'ई-साक्ष्य' अॅपमधून करतात. चित्रीकरण होत नसेल तर विचारा.

बिघडते कुठे, तेही सांगतो. एकच पंच अनेक गुन्ह्यांत सह्या करतो आणि उलटतपासात ते बाहेर येते. जागा पोलिसांना आधीच ठाऊक असते, मग 'शोध' कसला? वस्तू रस्त्याकडेला उघड्यावर पडलेली असते. लेबलवरची सही आणि पंचनाम्यावरची सही जुळत नाही. जप्तीनंतर मुद्देमाल कित्येक दिवस सीलशिवाय पडून राहतो आणि मग कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. यातल्या एखाद्या कारणाने रक्ताचा अहवाल कितीही पक्का असला तरी पुराव्याची साखळी तुटू शकते. दोषी माणूस यामुळे सुटतो तेव्हा लोक न्यायालयाला नावे ठेवतात, पण चूक बहुतेक वेळा या दोन तासांच्या कामातच झालेली असते.

आधी मिळालेली वस्तू पुन्हा शोधता येत नाही, हे खरे. पण नवी माहिती निघू शकते. महाराष्ट्र शासन विरुद्ध दामू (२०००) या खटल्यात मुलाचा मृतदेह आधीच मिळाला होता. आरोपीने तो मोटरसायकलवरून नेऊन कालव्यात टाकल्याची जागा सांगितली, आणि त्या जागी मिळालेला काचेचा तुकडा मोटरसायकलच्या फुटलेल्या मागच्या दिव्याशी जुळला. ते निवेदन ग्राह्य धरले गेले.

प्रश्न : मित्राला एप्रिल २०२३ मध्ये दोन लाख रुपये हातउसने दिले. कागद नाही. त्याचे व्हॉट्सअॅप संदेश आहेत, 'देतो रे, थोडा थांब' अशा प्रकारचे. दावा टिकेल का? (कोल्हापूर)

आधी तारीख पाहा. हातउसन्या रकमेसाठी दावा लावण्याची मुदत पैसे दिल्याच्या दिवसापासून तीन वर्षे असते. 'मागितल्यावर देईन' असे ठरले असले तरी मागणीच्या दिवसापासून नव्हे, दिल्याच्याच दिवसापासून. फार लोक इथे चुकतात आणि चांगला दावा हातचा घालवतात.

मुदत संपायच्या आत ऋणकोने देणे लेखी मान्य करून सही केली, तर मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे त्या सहीपासून नवी तीन वर्षे मिळतात. 'देणे आहे, पण आत्ता देणार नाही' असे लिहिले तरी चालते, कारण देणे मान्य करणे महत्त्वाचे. मुदत संपल्यावरची अशी लेखी मान्यता मात्र मुदत जिवंत करत नाही. तेव्हा हवे असते ते करार कायद्याच्या कलम २५(३) खालचे, सहीनिशी दिलेले फेडीचे स्पष्ट वचन. मुदतीच्या आत थोडी परतफेड झाली तरी मुदत नव्याने सुरू होते, पण त्याची नोंद परतफेड करणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीने असली पाहिजे.

संदेशांचे दोन वेगळे उपयोग आहेत, ते एकत्र करू नका. कबुली म्हणून ते चालतात. कलम १५ मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली कबुली स्पष्ट लिहिली आहे. मुदत वाढवण्यासाठी मात्र सही लागते, आणि संदेशाला सही मानायचे की नाही या वादावर दोन लाख टांगून ठेवण्यात अर्थ नाही. साधा कागद करून घ्या: 'दिनांक अमुक रोजी मी तुमच्याकडून रु. २,००,००० (अक्षरी दोन लाख) हातउसने घेतले. त्यापैकी आजअखेर रु. अमुक देणे आहे', खाली तारीख आणि सही. 'देतो रे' या संदेशात रक्कम नाही, तारीख नाही आणि कशाचे पैसे तेही नाही. समोरचा 'ते भिशीचे होते' असे म्हणाला की पंचाईत. तो कागद द्यायला टाळत असेल, तर निदान संदेशातच रक्कम आणि तारीख लिहून विचारा आणि उत्तर येऊ द्या.

संदेश पुराव्यात आणायला कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. अधिनियमाच्या अनुसूचीत त्याचा नमुना आहे. भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाइलची डिजिटल ओळखखूण, नोंदवायचे. नुसते स्क्रीनशॉट छापून जोडले की हरकत येते. मूळ फोन जपा. फोन बदलताना संभाषण पुसले गेले तर नंतरचे सगळेच अवघड होते, आणि आपोआप पुसले जाणारे संदेश चालू असतील तर आजच बंद करा.

प्रश्न : दुकानात रोकड कमी आली. मालकाने केबिनमध्ये बसवून 'लिहून दे, नाहीतर पोलिसांना बोलावतो' असे म्हणत माझ्याकडून माफीनामा लिहून घेतला. (ठाणे)

अधिकारपदावरच्या व्यक्तीच्या धमकीने, आमिषाने, दडपणाने किंवा आश्वासनाने दिलेला कबुलीजबाब कलम २२ (जुने २४) प्रमाणे फौजदारी खटल्यात बाद होतो. पण 'पोलिसांना बोलावतो' एवढ्याने ते सिद्ध होतेच असे नाही. १९६३ च्या प्यारेलाल भार्गव खटल्यात मुख्य सचिवांनी 'खरे बाहेर आले नाही तर चौकशी पोलिसांकडे देईन' असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने ती धमकी मानली नाही. दार बंद करून किती वेळ बसवले, फोन काढून घेतला का, 'लिहून दिलेस तर प्रकरण इथेच मिटवतो' असे आश्वासन दिले का, मजकूर कोणी सांगितला, यावर निकाल फिरतो.

म्हणून उशीर करू नका. त्या दिवशी कोण हजर होते, काय बोलणे झाले, कागदावरची कोणती वाक्ये तुमची नाहीत, हे लिहून मालकाला स्पीड पोस्टाने आणि ई-मेलने पाठवा आणि पोच ठेवा. दोन दिवसांत पाठवलेल्या पत्राला जे वजन आहे, ते सहा महिन्यांनी कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, लिहिलेल्या परिच्छेदाला नसते. हाच माफीनामा रकमेच्या दिवाणी दाव्यात आणि खातेनिहाय चौकशीतही पुढे येईल. तिथे कलम २२ ची ढाल नाही, आणि चौकशीत तर पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियमही लागत नाहीत. म्हणून तुमचे पत्र तिथे जास्त कामाचे.

प्रश्न : दंडाधिकाऱ्यांसमोरचा कबुलीजबाब कसा घेतात? नंतर फिरवता येतो का? (अकोला)

नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८३ (जुने १६४). चौकशी किंवा खटला सुरू व्हायच्या आत तो घ्यावा लागतो. दंडाधिकाऱ्यांनी आधी सांगायचे की कबुली देण्याचे बंधन नाही, आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. हे छापील वाक्य वाचून टाकणे पुरत नाही. पोलीस खोलीबाहेर, नजरेआड असावेत. किती दिवस कोठडीत आहेस, कोणी मारले का, कोणी काही आश्वासन दिले का, कबुली का द्यायची आहे, हे प्रश्न आणि त्यांची उत्तरे लिहून घ्यायची. अंगावर खुणा आहेत का तेही पाहायचे. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये दंडाधिकाऱ्यांसाठी याच्या सूचना आहेत. विचाराला साधारणपणे निदान २४ तास द्यावेत, असे सरवण सिंग निकालाने १९५७ मध्येच सांगितले. तो वेळ पोलीस कोठडीत नव्हे, न्यायालयीन कोठडीत जावा. रात्री परत त्याच ठाण्यात पाठवले तर दिलेल्या वेळेचा उपयोग काय? शेवटी जबाब वाचून दाखवायचा, आरोपीची सही घ्यायची आणि खाली दंडाधिकाऱ्यांनी ठरलेल्या नमुन्यातला शेरा लिहून सही करायची. आरोपीच्या वकिलासमोर चित्रीकरणही करता येते.

२६/११ च्या खटल्यात अजमल कसाबचा जबाब फेब्रुवारी २००९ मध्ये असाच घेतला गेला. दंडाधिकाऱ्यांनी पहिल्याच भेटीत जबाब घेतला नाही. एकदा नव्हे, दोनदा विचाराला वेळ दिला आणि त्या काळात त्याला पोलिसांकडे परत दिले नाही. पुढे त्याने तो नाकारला, तरी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो स्वेच्छेचा म्हणून टिकला. ज्याच्याविरुद्ध सारा देश संतापलेला होता, त्याच्या बाबतीतही ही पद्धत पाळली गेली, हे आम्हाला मोलाचे वाटते.

आरोपी दंडाधिकाऱ्यांसमोर येऊन 'द्यायचा नाही' म्हणाला, तर त्याला पुन्हा पोलीस कोठडी देता येत नाही. ही तरतूद आरोपीला माहीत असली पाहिजे. नकार दिला तर परत मार बसेल, या भीतीनेच कितीतरी जण होकार देतात.

फिरवता येतो. पण 'नाकारला' एवढ्याने तो पुराव्यातून जात नाही. न्यायालय महत्त्वाच्या मुद्द्यांवर दुसऱ्या पुराव्याचा आधार शोधते, आणि नाकारायला किती वेळ लावला तेही पाहते. तुरुंगातून अर्ज करता येतो. पहिल्या संधीला करा.

प्रश्न : दुसऱ्या आरोपीने माझ्या मुलाचे नाव घेतले, एवढ्यावर त्याला अटक झाली. (जळगाव)

ते नाव पोलिसांसमोर घेतले असेल, तर खटल्यात ते पुरावाच नाही. तपासाची दिशा म्हणून पोलीस वापरतील, तेवढेच. दंडाधिकाऱ्यांसमोर घेतले असेल तरी कलम २४ (जुने ३०) साठी दोघांवर एकाच गुन्ह्याचा एकत्र खटला चालला पाहिजे आणि सांगणाऱ्याने स्वतःलाही गुन्ह्यात गोवलेले असले पाहिजे. आणि तरीही त्याचे स्थान शेवटचे. काश्मिरा सिंग (१९५२) आणि हरिचरण कुर्मी (१९६४) हे दोन निकाल वकिलांना दाखवा. तुमच्या मुलाविरुद्धचा बाकीचा पुरावा आधी वेगळा मांडायचा. तो शिक्षेला पुरेसा वाटला, तरच खात्रीसाठी या जबाबाकडे पाहायचे. सुरुवात या जबाबापासून करता येत नाही. मुलाकडे काही सापडले नसेल, फोनचे तपशील जुळत नसतील, तर जामीन अर्जात हाच मुद्दा पहिला घ्या.

मकोका (महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा) लागला असेल तर चित्र बदलते. त्याच्या कलम १८ प्रमाणे पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब चालतो, आणि एकत्र खटल्यातल्या सहआरोपीविरुद्धही चालतो. मग लढाई पद्धतीवर होते. जबाब मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे लगेच गेला का, आरोपीला त्यांच्यापुढे उभे केले का, छळाची तक्रार केल्यावर वैद्यकीय तपासणी झाली का? मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने १२ जणांना निर्दोष ठरवताना असे जबाब नाकारले. वेगवेगळ्या आरोपींच्या जबाबांतला काही मजकूर सारखाच होता, हे त्यातले एक कारण. तो निकाल दाखला म्हणून वापरण्याला सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांत स्थगिती दिली आहे, त्यामुळे सध्या त्यावर विसंबून युक्तिवाद करू नका.

प्रश्न : वडिलांनी १९९१ मध्ये फेरफाराच्या वेळी तलाठ्यासमोर 'जमीन दोघा भावांची सामायिक' असा जबाब दिला होता. वडील आता नाहीत. चुलते तो कागद आमच्याविरुद्धच्या दाव्यात दाखवतात. (सांगली)

तुमचा हक्क वडिलांकडून आला, आणि त्यांनी तो जबाब हक्क असताना दिला. म्हणून कलम १६ प्रमाणे तो तुमच्याविरुद्ध कबुली म्हणून येतो. पण कलम २५ प्रमाणे कबुली निर्णायक नसते. ती चुकीची होती, गैरसमजाने दिली होती, कर्जासाठी किंवा तडजोडीसाठी तेव्हा तसे लिहिले होते, हे खरेदीखत, वाटणीपत्र, पीकपाहणी आणि खंडाच्या पावत्या यांनी दाखवता येते. चुलत्यांनी त्या जबाबावर विसंबून काही केले असेल, विहीर काढली किंवा पैसे घातले असतील, तर मात्र प्रतिबंधाचा, म्हणजे आधीच्या विधानापासून मागे फिरता न येण्याचा, मुद्दा येतो आणि तो जड जातो.

खरी जपायची गोष्ट तुमची कैफियत. दाव्यातली किंवा कैफियतीतली कबुली न्यायालयाबाहेरच्या कबुलीपेक्षा वरच्या दर्जाची, असे नगीनदास रामदास निकालाने (१९७४) सांगितले आहे. तिच्या एकट्यावर हुकूमनामा होऊ शकतो. 'दाव्याच्या परिच्छेद ४ मधील मजकूर खोटा आहे' असा मोघम नकार पुरत नाही. ज्या विधानाला नेमका नकार नाही ते मान्य धरले जाते. परिच्छेदवार उत्तर लिहा. नंतर दुरुस्ती करून कबुली काढून घेणे जवळजवळ अशक्य असते.

प्रश्न : गावात एकाने दारूच्या नशेत सरपंचांसमोर खून केल्याचे सांगितले. तो पुरावा होतो का? (यवतमाळ)

नशेत होता एवढ्याने कबुलीजबाब बाद होत नाही. कलम २२ चे परंतुक तसे स्पष्ट म्हणते. गुप्त ठेवतो असे सांगून किंवा फसवून बोलते केले, तरी तेवढ्याने बाद नाही. १९६६ च्या साहू खटल्यात तर आरोपी स्वतःशीच पुटपुटला होता आणि ते इतरांनी ऐकले. तेही पुरावा ठरले.

ग्राह्य असणे आणि त्यावर विश्वास बसणे यांत मात्र फार अंतर आहे. अशी बाहेरची कबुली हा दुबळा पुरावा. सरपंचांना उलटतपासात हमखास विचारतील: त्याने तुमच्याजवळच का सांगावे? तुमचे त्याचे संबंध काय, निवडणुकीत तो कोणाच्या बाजूने होता? नेमके शब्द कोणते? ऐकल्यावर ठाण्यात जायला किती वेळ लागला? सरपंचांनी आठवतात तेच शब्द सांगावेत. 'त्याने गुन्हा कबूल केला' हा सारांश झाला, त्यावर न्यायालय विसंबत नाही. आणि शब्द बोलले गेले तेव्हा हवालदार तिथे पोहोचलेला होता का, हे नीट आठवून ठेवावे. पोलिसांनी धरून ठेवलेल्या माणसाची ती कबुली असेल तर सगळेच बाद. पोलीस पाटलांसमोरच्या कबुलीवर बचाव पक्ष हरकत घेतोच, कारण १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने त्यांच्याकडे पोलिसी स्वरूपाची कामे दिलेली आहेत.

प्रश्न : तडजोडीच्या पत्रात 'निम्मी रक्कम देतो' लिहिले तर तेच कबुली म्हणून वापरतील का? (मडगाव)

दिवाणी दाव्यात कलम २१ चे संरक्षण आहे, पण त्यासाठी अट दिसली पाहिजे. पत्राच्या माथ्यावरच लिहा: 'हे पत्र केवळ तडजोडीसाठी, हक्कांना बाधा न येता, न्यायालयात पुरावा म्हणून वापरू नये.' आकडा फोनवर सांगून मग हे वाक्य पत्रात घालणे उशिराचे ठरते.

प्रश्न : पोलीस नार्को चाचणीला संमती मागतात. 'निर्दोष असशील तर भीती कशाची?' म्हणतात. (नाशिक)

संमती देणे तुमच्यावर बंधनकारक नाही. ५ मे २०१० च्या सेल्वी निकालानंतर नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येत नाहीत, आणि नकार दिला म्हणून विरुद्ध अर्थ काढता येत नाही. संमती दंडाधिकाऱ्यांसमोर, वकिलाशी बोलून द्यायची असते. ठाण्यातल्या कागदावरची सही ही संमती नव्हे. चाचणीतली उत्तरे पुरावा होत नाहीत, पण स्वेच्छेच्या चाचणीतून मिळालेल्या माहितीवरून वस्तू सापडली तर ती कलम २३ च्या परंतुकाखाली येऊ शकते. बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने यांचे वेगळे आहे. १९६१ च्या काथी कालू ओघड निकालानुसार ते देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, त्यामुळे तिथे घटनेच्या अनुच्छेद २०(३) चा आधार मिळत नाही.